गाव वसण्याआधीचं स्टेशन

११ मार्च १९२३ या दिवशी तोक्योच्या नैर्ऋत्येला, शहराची हद्द मागे टाकून बरंच पुढे, एबारा जिल्ह्यातल्या शेतांमध्ये एक रेल्वे स्टेशन सुरू झालं. नाव होतं चोफू. मेगुरोहून सुटलेली विजेची गाडी साडेसहा किलोमीटर धावून तिथे थांबायची, तिथून तामा नदीच्या काठाने थोडं पुढे मारुकोला जायची आणि परत फिरायची. आडरानातल्या अशा थांब्यावर एक फलाट आणि पत्र्याचं छप्पर पुरलं असतं. इथे मात्र वास्तुविशारद किंतारो याबे याने युरोपातल्या जुन्या गावांत शोभावी अशी इमारत उभी केली होती. मोठं, मध्यावर मोडून पुन्हा खाली उतरणारं छप्पर, त्यात बसवलेल्या खिडक्या, समोर चौक. चौकातून पश्चिमेला रस्ते फुटले होते आणि त्या रस्त्यांना जोडणारे अर्धवर्तुळाकार रस्ते एकामागून एक आखले होते. नकाशात हे सगळं उघडलेल्या जपानी हातपंख्यासारखं दिसतं आणि स्टेशन त्या पंख्याच्या मुठीशी आहे.

फक्त या रस्त्यांच्या कडेला अजून वस्ती नव्हती. जमिनीच्या विक्रीला सुरुवात व्हायलाच पाच महिने बाकी होते.

रेल्वे साधारणपणे माणसांच्या मागे जाते. जिथे गाव आहे, बंदर आहे, कोळसा किंवा कापूस आहे, तिथवर रूळ टाकले जातात. चोफू स्टेशन बांधणाऱ्यांनी क्रम उलटा लावला. आधी गाडी, मग रस्ते, मग घरं आणि सर्वांत शेवटी उतारू. पुढे शंभर वर्षं तोक्योचा पश्चिम भाग ज्या रीतीने वाढला, त्याची पहिली ठळक आखणी या स्टेशनात झाली. १ जानेवारी १९२६पासून त्याचं नाव देन-एन-चोफू झालं. आज तोक्योत हा पत्ता नुसता उच्चारला तरी ऐकणारा माणूस बोलणाऱ्याच्या ऐपतीचा अंदाज बांधतो.

ही युक्ती मुळात तोक्योची नव्हे. ती ओसाकाहून आली.

इचिझो कोबायाशी हा यामानाशी प्रांतातल्या निरासाकीचा माणूस. जन्म १८७३चा. केइओमध्ये शिकला, मित्सुई बँकेत चौदा वर्षं नोकरी केली आणि १९०७मध्ये मिनोओ-आरिमा विद्युत रेल्वे नावाच्या, जन्मतःच आजारी असलेल्या कंपनीत येऊन पडला. रशियाशी झालेल्या युद्धानंतरची तेजी नुकतीच कोसळली होती आणि कंपनीचे शेअर घ्यायला कोणी तयार नव्हतं. त्याला कारणही होतं. ओसाका आणि कोबे ही दोन मोठी शहरं जोडणारी लाइन असती तर कोणीही पैसे घातले असते. ही लाइन ओसाकाच्या उमेदा इथून निघून उत्तरेच्या डोंगराकडे जाणार होती. एका टोकाला ताकाराझुकाचं गरम पाण्याचं कुंड, दुसऱ्या टोकाला मिनोओचा धबधबा आणि शरदात लाल होणारी मेपलची झाडं. सहलीला माणसं जातीलही, पण वर्षातले किती दिवस?

कोबायाशी प्रस्तावित मार्गावरून पायी चालत गेला. वाटेत त्याला मोकळी, कोरडी, स्वस्त जमीन दिसली. ओसाका तेव्हा कापडगिरण्यांचं शहर होतं, पूर्वेकडचं मँचेस्टर म्हणून मिरवत होतं आणि धुराने काळवंडत होतं. या धुरात राहणाऱ्या, महिन्याच्या पगारावर संसार करणाऱ्या माणसाला डोंगराच्या पायथ्याशी घर दिलं तर तो रोज सकाळी गाडीत बसेल आणि रोज संध्याकाळी परतेल, असं गणित त्याने मांडलं. रूळ टाकण्याआधी मार्गालगतच्या जमिनी घेऊन ठेवल्या. रेल्वेमुळे जमिनीचा भाव वाढणारच होता. ती वाढ दुसऱ्याच्या खिशात जाण्याऐवजी रेल्वेच्याच तिजोरीत जावी, हा सगळ्या योजनेचा कणा होता.

१९०९मध्ये कंपनीने एक पुस्तिका काढली. कोणती जमीन निवडावी आणि कसल्या घरात राहावं, हा तिचा विषय आणि हेच तिचं नाव. मार्च १९१०मध्ये गाड्या सुरू झाल्या आणि त्याच वर्षी इकेदा स्टेशनाजवळ सुमारे दोनशे घरांची वसाहत विक्रीला निघाली. प्रत्येकी साधारण शंभर त्सुबो जमीन, म्हणजे साडेतीन हजार चौरस फुटांच्या आसपास, आणि त्यावर दुमजली घर. थोडी रक्कम आधी, उरलेली दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत. पगारदाराला हप्त्याने घर विकणं ही त्या काळच्या जपानमध्ये नवलाची गोष्ट होती. घर घेणारा माणूस त्याच करारासोबत पुढच्या कित्येक वर्षांचा उतारूही होत होता.

सकाळी शहराकडे भरून जाणाऱ्या गाड्या उलट दिशेने रिकाम्या धावतात, हे कोबायाशीच्या पहिल्यांदा लक्षात आलं असं म्हणता येणार नाही. पण त्या रिकाम्या डब्यांचं काय करायचं, यावर त्याच्याइतका विचार कोणी केला नव्हता. लाइनीच्या टोकाला त्याने मिनोओला प्राणिसंग्रहालय काढलं, ताकाराझुकाला १९११मध्ये नवं स्नानगृह बांधलं. तिथला पोहण्याचा तलाव चालला नाही, तेव्हा त्याचंच नाट्यगृह केलं आणि मुलींचं गायनपथक उभं केलं. १९१४मध्ये त्यांचा पहिला प्रयोग झाला. जगभर नावाजलेली ताकाराझुका रंगभूमी ती हीच. १९१५मध्ये जपानमधल्या माध्यमिक शाळांची पहिली राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा भरली, तीही याच लाइनीवरच्या तोयोनाका मैदानावर. आणि १९२९मध्ये उमेदा स्टेशनातच हानक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात करी-राइस खायला रांगा लागत. मंदीच्या दिवसांत काही गिऱ्हाइकं नुसता भात मागवून त्यावर टेबलावरचा सॉस ओतून खात. इतरत्र अशा गिऱ्हाइकाकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं गेलं असतं. कोबायाशीने त्यांचं स्वागत करायला सांगितलं. आज खिशात पैसे नसलेला हा तरुण उद्या बायकामुलांना घेऊन याच टेबलाशी येईल, हा त्याचा हिशेब होता, आणि त्यात माणुसकीही होती.

तोक्योतली गोष्ट वेगळ्या माणसापासून सुरू होते. एइची शिबुसावा हे नाव मराठी वाचकाला अगदीच परकं वाटायला नको. १८९३मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा त्यांची आणि शिबुसावांची भेट झाली होती. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांकडे नेणाऱ्या जहाजांचा धंदा ब्रिटिश पी अँड ओ कंपनीच्या मुठीत होता. ती मक्तेदारी मोडण्यासाठी टाटा आणि जपानी गिरणीवाले एकत्र आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कंपनीचं 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबेहून मुंबईकडे निघालं आणि जपानची ही पहिली दूर पल्ल्याची नियमित जहाजवाहतूक ठरली. त्यामागे शिबुसावांचा हात होता. १८४०मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेला, नीळ आणि रेशमाच्या व्यापारात वाढलेला, १८६७च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने युरोप पाहून आलेला हा माणूस पुढे जपानमधली पहिली आधुनिक बँक आणि सुमारे पाचशे उद्योगांशी जोडला गेला. २०२४पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे.

१९१८मध्ये वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, धंद्यातून जवळपास निवृत्त झाल्यावर, त्यांनी आणखी एका कंपनीला आपलं नाव दिलं. ती म्हणजे देन-एन तोशी, उद्याननगर कंपनी. तोक्यो तेव्हा फुगत चाललं होतं. १९२०च्या पहिल्या जनगणनेत शहरात सुमारे २१ लाख ७३ हजार माणसं मोजली गेली. नदीकाठच्या खालच्या भागात लाकडी घरांची दाटी, गटारं उघडी, कारखाने आणि बिऱ्हाडं एकमेकांना चिकटलेली. शहराबाहेर, निसर्गाच्या सोबतीने, पण शहराच्या सोयींसह माणसाला राहता यावं, ही म्हाताऱ्या शिबुसावांची तळमळ होती. ती खरी होती, यात शंका घ्यायला जागा नाही.

कल्पना इंग्लंडमधून आली होती. लंडनच्या एबेनेझर हॉवर्ड या लघुलेखकाने १८९८मध्ये एक पुस्तक लिहून नव्या प्रकारच्या नगराचा आराखडा मांडला. हजार एकरांचं नगर, भोवती पाच हजार एकर शेती, बत्तीस हजार वस्ती. कारखाने नगरातच असतील, म्हणजे कामासाठी रोज लंडन गाठावं लागणार नाही. जमीन सगळ्यांच्या मालकीची राहील आणि तिचा भाव वाढेल तसा तो पैसा नगराच्याच शाळांत, दवाखान्यांत, वृद्धांच्या पेन्शनमध्ये जाईल. १९०३पासून लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथे असं नगर उभं राहू लागलं. जपानच्या गृहखात्याने १९०७मध्येच या विषयावर पुस्तक काढलं होतं, त्यामुळे तिथल्या शिकलेल्या वर्गात उद्याननगर हा शब्द रुळलेला होता.

शिबुसावांचा मुलगा हिदेओ १९१९मध्ये अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर निघाला. वय सत्तावीस. कंपनीच्या जमिनीवर नेमकं काय बांधायचं, हे पाहून यायचं होतं. लेचवर्थ त्याने पाहिलं. ते त्याला उदास वाटलं. त्याच्या मनात भरली ती सॅन फ्रान्सिस्कोची सेंट फ्रान्सिस वुड ही वसाहत, जिथे कारंजी होती, वळणदार रस्ते होते, ऐसपैस बंगले होते, आणि कारखाना एकही नव्हता. पॅरिसच्या विजयकमानीपाशी ताऱ्यासारखे फुटणारे रस्तेही त्याला आवडले होते. परतल्यावर त्याने आग्रह धरला आणि याबेने पंख्याच्या आकाराचा तो आराखडा कागदावर उतरवला.

इथे हॉवर्डची वाट सुटली. हॉवर्डच्या नगरात माणूस जिथे राहतो तिथेच काम करतो. चोफूच्या आराखड्यात कारखाना नाही, कचेरी नाही, बाजारसुद्धा स्टेशनच्या पूर्वेला बाजूला काढून ठेवलेला. पश्चिमेच्या बंगल्यांतून निघणारा प्रत्येक रस्ता फिरून स्टेशनाशी येतो, कारण घरातल्या कर्त्या माणसाला रोज सकाळी तिथेच यायचं आहे. कंपनीने हे लपवलं नाही. इंग्लंडचं नगर कामगारांसाठी आहे, आमचं नगर तोक्योत कामाला जाणाऱ्या सुशिक्षित वर्गासाठी आहे, असा फरक तिने आपल्या माहितीपत्रकातच केला होता. जमीनही सामाईक राहिली नाही. ती तुकड्यांनी विकली गेली.

पण रोज तोक्योला जायचं कसं? सुंदर वसाहत आखून झाली तरी गाडी नसेल तर ती वसाहत कोणी घेणार नाही. उद्याननगर कंपनीकडे जमीन होती, रेल्वेचा परवाना होता, पण रेल्वे चालवता येईल असा माणूस नव्हता. दाइइची आयुर्विमा कंपनीचे संस्थापक त्सुनेता यानो या कामात शिबुसावांच्या सोबत होते. त्यांनी ओसाकाच्या कोबायाशीला गळ घातली. कोबायाशीने अटी घातल्या: मोबदला घेणार नाही, माझं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, महिन्यातून एकदा येऊन सल्ला देईन. १९२१पासून तो तसा येऊ लागला. थोड्याच दिवसांत त्याने सांगून टाकलं की इथे राहून काम करणारा माणूस हवा, आणि त्याने नाव सुचवलं केइता गोतोचं.

गोतो नागानोच्या डोंगराळ भागातला, १८८२चा. गरिबीत शिकला, उशिरा पदवीधर झाला, सरकारच्या रेल्वे खात्यात अधिकारी झाला आणि ती नोकरी सोडून मुसाशी विद्युत रेल्वेत आला. या कंपनीकडे शिबुया भागातून योकोहामाला जाणाऱ्या लाइनीचा उत्तम परवाना होता आणि ती बांधायला पैसा नव्हता. गोतोचं सगळं लक्ष त्या योकोहामा लाइनीवर. कोबायाशीने त्याला समजावलं: आधी ही छोटी लाइन पूर्ण कर, उद्याननगर कंपनीची साडेचार लाख त्सुबो जमीन विकली जाऊ दे, मग त्या नफ्यातून तुझी मोठी लाइन बांध. साडेचार लाख त्सुबो म्हणजे सुमारे ३७० एकर. गोतोला हे पटलं. सप्टेंबर १९२२मध्ये मेगुरो-कामाता विद्युत रेल्वे स्थापन झाली आणि सहा महिन्यांत मेगुरो ते मारुको गाडी धावूही लागली. इथवर येऊन चोफू स्टेशनाची कथा पुन्हा त्या मार्चच्या दिवसापाशी पोहोचते.

ऑगस्ट १९२३मध्ये भूखंडांची विक्री सुरू झाली. विक्रीचा पहिला महिना संपला आणि १ सप्टेंबरला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना जमीन हादरली.

कांतोच्या त्या महाभूकंपाने आणि त्यानंतर लागलेल्या आगींनी एक लाखाहून अधिक माणसं गेली. दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या, वारा जोराचा होता आणि शहर लाकडाचं होतं. नदीकाठचं जुनं तोक्यो दोन दिवस जळत राहिलं. पश्चिमेच्या उंच पठारावर, जिथे उद्याननगर कंपनीची जमीन होती, तिथे हानी तुलनेने फारच कमी झाली. घर गमावलेले आणि न गमावलेले, दोन्ही प्रकारचे लोक आता शहराबाहेरच्या जमिनीकडे पाहू लागले. एरवी गावकुसाबाहेर राहायला जाणं म्हणजे प्रतिष्ठा गमावणं, असं मानणारी कुटुंबंही त्यांत होती. कंपनीने जाहिरातींतून आपल्या जमिनीच्या सुरक्षिततेवर भर दिला. नोव्हेंबरात लाइन कामातापर्यंत पोहोचली आणि गाड्या भरू लागल्या. १९२५च्या जनगणनेत तोक्यो शहराची वस्ती वीस लाखांच्याही खाली घसरलेली दिसली, आणि भोवतालच्या जिल्ह्यांची मात्र झपाट्याने वाढलेली. एका आपत्तीने दहा वर्षांचं काम दोन वर्षांत उरकलं. कंपनीचा फायदा झाला तो या दुःखाच्या पाठीवर, हेही नोंदवलं पाहिजे.

जमीन घेणाऱ्यांमध्ये सरकारी अधिकारी, सैन्यातले हुद्देदार, डॉक्टर, प्राध्यापक, कंपन्यांचे वरिष्ठ नोकरदार होते. त्यांना काही अटी मान्य कराव्या लागत. शेजाऱ्याला त्रास होईल असं बांधकाम करायचं नाही. घर तीन मजल्यांपेक्षा उंच नको. भूखंडाच्या निम्म्याहून जास्त जागेवर बांधकाम नको. रस्त्यापासून घर मागे घ्यायचं, तेही रस्त्याच्या रुंदीच्या निम्म्याने. कुंपण दिसायला नेटकं हवं. आणि बांधकामाचा खर्च दर त्सुबोमागे ठराविक रकमेपेक्षा कमी नसावा. शेवटची अट वाचली की या वसाहतीचं दार कोणासाठी उघडं होतं आणि कोणासाठी बंद, ते समजतं. बाकीच्या अटींनी मात्र खरोखर एक सुंदर जागा घडवली. चौकातून निघणाऱ्या रस्त्यावर गिंको वृक्षांच्या रांगा लागल्या. होराई उद्यानात मुसाशिनोच्या मूळ रानाचा एक तुकडा राखला गेला. नदीकाठच्या टेकडीवर, जिथे प्राचीन सरदारांच्या मातीच्या समाध्या आहेत, तिथे तामागावादाई उद्यान झालं. हिदेओ शिबुसावा स्वतः इथे घर बांधून राहिला. १९२६मध्ये रहिवाशांनी देन-एन-चोफू मंडळ स्थापन केलं, आणि अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचं काम कंपनीकडून हळूहळू या मंडळाकडे आलं.

गोतोने शब्द पाळला आणि मग आपली मोठी लाइन हाती घेतली. १९२६मध्ये तामा नदी ओलांडून योकोहामाच्या दिशेने गाड्या सुरू झाल्या, १९२७मध्ये शिबुयाची बाजू जोडली गेली. चार वर्षांपूर्वीचं आडरानातलं स्टेशन आता दोन लाइनींचं जंक्शन झालं होतं. भूकंपात कुरामाए इथली तोक्यो तंत्रविद्यालयाची इमारत जळाली, तेव्हा गोतोने जमिनींच्या अदलाबदलीतून ती संस्था आपल्या लाइनीवरच्या ओओकायामाला आणली. केइओ विद्यापीठाला हियोशी इथे मोठी जमीन फुकट दिली आणि १९३४मध्ये तिथे वर्ग भरू लागले. सकाळी नोकरदार शहराकडे जात आणि विद्यार्थी शहराकडून बाहेर येत. दोन्ही दिशांच्या गाड्या भरल्या. कोबायाशीने धबधबा आणि नाटक वापरून जे साधलं ते गोतोने विद्यापीठं वापरून साधलं, आणि विद्यार्थी तर सुट्ट्या सोडल्या तर रोजच येतात! शिबुया स्टेशनात १९३४मध्ये त्याने डिपार्टमेंट स्टोअरही उघडलं.

या सगळ्यात मूळ कंपनीचं काय झालं? उद्याननगर कंपनीने आपली वसाहत लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून रेल्वे काढली होती. १९२८मध्ये त्या रेल्वे कंपनीनेच तिला पोटात घेतलं. जमीन विकून संपत येते, रेल्वे रोज पैसे मिळवते. कागदोपत्री ते साधं विलीनीकरण होतं, पण शिबुसावांच्या मनातलं नगर तिथे संपलं आणि पुढे तोक्यू समूह म्हणून ओळखलं गेलेलं साम्राज्य तिथून वाढलं. हॉवर्डने जमिनीची भाववाढ नगरवासीयांना देऊ केली होती. इथे ती रेल्वेने घेतली. त्या पैशातून रेल्वेने नवे रूळ, नवे पूल, नव्या गाड्या उभ्या केल्या, सरकारपुढे हात न पसरता, आणि त्यांचा लाभ लाखो उतारूंना झाला. हॉवर्डच्या मोजपट्टीने हा तोटा आहे आणि उतारूच्या मोजपट्टीने फायदा. दोन्ही मोजमापं एकाच वेळी खरी आहेत.

१ ऑक्टोबर १९३२ रोजी तोक्योने आपली हद्द वाढवली, भोवतालचे जिल्हे गिळले आणि पस्तीस वॉर्डांचं शहर झालं. देन-एन-चोफू ओमोरी वॉर्डात आलं, १९४७नंतर ओता वॉर्डात. ज्या शहरापासून लांब राहायचं म्हणून लोक आले होते, ते नऊ वर्षांतच त्यांच्या दाराशी पोहोचलं. शिबुसावा हे पाहायला नव्हते. ते नोव्हेंबर १९३१मध्ये एक्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

युद्ध झालं, तोक्यो पुन्हा जळालं, पुन्हा फुगलं. जानेवारी १९५३मध्ये सत्तरीतल्या केइता गोतोने एक निवेदन काढलं. तामा नदीच्या पलीकडे, कावासाकी आणि योकोहामाच्या डोंगराळ टापूत, तीच युक्ती आता कितीतरी मोठ्या आकारात करायची होती. या वेळी शेतकऱ्यांकडून सगळी जमीन विकत घ्यायची नव्हती. त्यांच्या संघटना बनवायच्या, प्रत्येकाने आपल्या जमिनीचा काही हिस्सा रस्ते, उद्यानं आणि खर्चासाठी सोडायचा, रेल्वे कंपनीने कामं करून द्यायची आणि बदल्यात राखून ठेवलेले भूखंड घ्यायचे. गोतो १९५९मध्ये वारला. १ एप्रिल १९६६ रोजी मिझोनोकुची ते नागात्सुता ही देन-एन-तोशी लाइन सुरू झाली तेव्हा तिच्या बऱ्याच स्टेशनांभोवती अजून लाल माती उकरलेली होती. पुढे इथे सुमारे पाच हजार हेक्टरांवर सहा लाखांहून अधिक माणसं वसली. या नव्या स्टेशनांभोवतीही वस्ती फलाटानंतरच आली. त्या सगळ्यांना सकाळी एकाच दिशेला जायचं होतं. शिबुयाकडे येणाऱ्या शेवटच्या टप्प्यात गर्दी गाडीच्या क्षमतेच्या १८० टक्क्यांच्या आसपास असे, आणि अनेक वर्षं ही लाइन देशातल्या सर्वांत दाटीच्या लाइनींत गणली गेली. काम आणि घर वेगळं करण्याची किंमत उतारूंनी खांद्याला खांदा घासून चुकवली.

जुन्या देन-एन-चोफूवर वेगळंच संकट आलं. १९८०च्या दशकात तोक्योत जमिनीचे भाव असे भडकले की घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर वारसाकर भरण्यासाठी मुलांना घरच विकावं लागे. एका बंगल्याच्या जागी चार-पाच घरं, कधी फ्लॅट. रहिवाशांनी १९८२मध्ये आपली सनद तयार केली. १९९१मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला आणि १६५ चौरस मीटरांपेक्षा लहान तुकडे पाडायला बंदी आली. १९२३च्या भूखंडांच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, पण त्याने पंख्याचा आकार आणि रस्त्यांवरची सावली टिकवली.

त्याच सुमारास याबेची इमारत पाडावी लागली. शिबुया ते योकोहामा या गोतोच्या जुन्या लाइनीवर, म्हणजे तोयोको लाइनीवर, गर्दी वाढली होती, रूळ दोनाचे चार करायचे होते आणि देन-एन-चोफूचे फलाट जमिनीखाली जाणार होते. १९९०मध्ये ती उतरवली गेली. रहिवासी मात्र गप्प बसले नाहीत. स्टेशन गेलं तरी इमारत परत हवी, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो रेल्वेने मानला. जानेवारी २०००मध्ये तीच इमारत त्याच चौकाच्या तोंडाशी पुन्हा उभी राहिली. आता तिच्यात तिकीटघर नाही, गाड्या खालून जातात. तोक्योसारख्या शहरात, जिथे तीस वर्षांचं घर जुनं समजून पाडतात, एका उपनगरी स्टेशनाला त्याचं काम संपल्यावर दुसरा जन्म मिळणं ही विरळा गोष्ट आहे.

तामा नदीपलीकडच्या वसाहतींत आता पहिली पिढी म्हातारी झाली आहे. डोंगरउतारावरचे जे रस्ते तिशीत सोपे वाटले ते ऐंशीत चढवत नाहीत, मुलं तोक्योच्या मध्यभागी उंच इमारतींत राहायला गेली आहेत आणि रोज गाडीत बसणारा माणूस निवृत्त झाला आहे. ज्या हिशेबावर ही रेल्वे उभी होती तो आता जुळत नाही. एप्रिल २०१२मध्ये योकोहामा महापालिका आणि तोक्यू यांनी जुन्या उपनगरांच्या नव्या मांडणीसाठी करार केला आणि तामा प्लाझा स्टेशनाच्या उत्तरेकडची उत्सुकुशिगाओका ही वसाहत पहिला नमुना म्हणून निवडली. तिथे काय हवं, यावर रहिवाशांच्या सभा झाल्या. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दवाखाना आणि वृद्धांची देखभाल, लहान मुलांसाठी जागा, आणि घराजवळच काम करता येईल अशी व्यवस्था या मागण्या त्यांतून पुढे आल्या. कारखाने आणि कचेऱ्या वगळून आखलेल्या उपनगरात काम परत आणण्याचा प्रयत्न आता तीच रेल्वे कंपनी करते आहे, जिच्या आधीच्या पिढीने ते बाहेर ठेवलं होतं.